पहिलं तेल

पाटीवर ऊ पडली तेव्हा मी सातचा पाढा लिहीत होते. बेचाळीस आणि एकोणपन्नास यांच्या मधल्या जागेत ती पडली. थोडा वेळ हलली नाही, मग पांढऱ्या आकड्यांवरून चालू लागली. पोट भरलेली, काळी, सावकाश. मी तिच्याकडे बघत बसले. शेजारच्या शेवंतीनं पाहिलं आणि ती परकर गोळा करून भिंतीला जाऊन चिकटली.

दाते गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी माझी पाटी उचलली, दारापाशी नेऊन कलती केली, बोटानं झटकली आणि परत माझ्या हातात दिली.

"अनसूया, डोकं नीट झालं की मग ये हो शाळेत."

पोरं हसली. ते मला ऐकू आलं, पण पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू येतं तसं. त्या दिवसांत सगळंच तसं ऐकू यायचं.

मी दप्तर घेऊन कालव्याच्या कडेनं घरी निघाले. आमचं घर म्हणजे कालव्यावरची चौकी. आबा पाटकरी होते; कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं काम त्यांचं. चौकीच्या आसपास दुसरं घर नव्हतं. करंजाची झाडं, घायपाताची रांग, एक कालवड, आणि पाणी. आई होती तोवर ती जागा एकाकी आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

आई माघात गेली. बाळंत होताना गेली, आणि बाळही गेलं. बाळ मी पाहिलं नाही. तिला माहेरी जायचं होतं. आबा म्हणाले होते, एवढी पाण्याची पाळी संपू दे, मग पोचवतो. पाळी संपायच्या आत तिच्या पोटात दुखायला लागलं. ज्ञानूमामा नदीपलीकडून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. सरण पेटल्यावर तो आबांना सगळ्यांदेखत म्हणाला, "पानी सोडत बसला आन भन घालवली माजी." आबांनी मान खाली घातली. मामा आणि ठकूमामी आमच्या घरी पाण्याचा घोटही न घेता गाडी जुंपून गेले.

आमच्या लोकांत एक रीत होती. आई गेलेल्या लेकराच्या डोक्याला सुतकानंतरचं पहिलं तेल आजोळचं लागायचं. मामा-मामीनं यायचं, तेल लावायचं, केस विंचरायचे. तोवर घरच्यांनी त्या डोक्याला तेल लावायचं नाही, फणी लावायची नाही. बाकी सगळ्यांची सुतकं फिटली. माझं डोकं तसंच राहिलं, कारण आजोळचं कुणी येईना.

घर सांभाळायला गजराआत्या आली होती, आबांची थोरली बहीण. बाजारच्या दिवशी नदीपलीकडची माणसं भेटली की ती निरोप धाडायची. मामाचं उत्तर एकच यायचं: येऊ तवा येऊ. फाल्गुन गेला. माझं डोकं रात्रंदिवस चालायला लागलं. मी दोन्ही हातांनी खाजवायची, नखांत रक्त यायचं. मानेवर फोड झाले. आत्या रात्री स्वतःचं डोकं फडक्यानं आवळून बांधायची आणि मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला निजवायची.

"डोकं न्हवं ते, वारूळ हाय," ती म्हणायची. "कान लावला तर आतलं बोलणं ऐकू यील."

तेल-फणी नाही तर निदान वेणी तरी सोडून केस धुवावेत, असं तिला वाटायचं. एकदा तिनं वेणीला हात घातला आणि मी तिच्या मनगटाला चावले. आईनं घातलेली शेवटची वेणी होती ती. दुखायला लागायच्या आधी सकाळी उंबऱ्यावर बसून तिनं घातली होती. त्या वेणीत काय होतं ते आई सोडून मलाच ठाऊक होतं. आत्याला वाटलं, पोर रीतीला धरून आहे. मनगट चोळत ती म्हणाली, "शानी हाय गं बया. पर दात आईवर गेल्यात."

पाटी घेऊन मी परत आले त्या संध्याकाळी आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती आणि आबा दारात वाख वळत बसले होते. घायपाताची पानं कुजवून, बडवून जे पांढरे धागे निघतात त्याला वाख म्हणतात. आबा त्याची गुरं बांधायची दावी वळायचे, मोटेचे जाड सोल वळायचे. आई गेल्यापासून ते फारच वळत होते. खुंट्यांवर जागा उरली नव्हती. एका कालवडीला इतकी दावी कशाला, असं आत्यानं एकदा विचारलं होतं. 

"शाळंतनं काढली पोरगी," आत्या म्हणाली. "ऐकतूयास का, दाम्या?"

आबांचा हात चालू होता.

"मी किती दिस ऱ्हाऊ हितं? माजी सून एकटी हाय, दोन म्हशी हायेत. तू उभा जलम पाटावर. पोरीच्या जातीला कोन बगनार? उद्या ती शानी झाली की कुनाला इचारनार? आजोळी जाऊ दे तिला. ठकूला लेकरू न्हाई, ती जिवापाड करंल."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. माझ्याबद्दल बोलणं चाललंय हे कळत होतं. आजोळ मला आवडायचं. तिथं चिंचेला झोपाळा होता आणि मामी मला कडेवर घेऊन हिंडायची. आबांजवळ राहायचं की तिथं जायचं, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही. आत कुठंतरी जिथं असलं काही ठरतं, तिथं तेव्हा कुणीच नव्हतं.

आबा वाखाला पीळ देत राहिले. पण त्या रात्री मी माझी वाकळ उचलली आणि आबांच्या पायाशी नेऊन टाकली. का, ते ठाऊक नाही. त्यांनी पाय आखडून घेऊन मला जागा केली.

पाडवा झाला. त्यानंतरच्या बाजारात मामाचा निरोप आला: सोमवारी तेल घेऊन येतो, पोरीला घेऊन जातो. आत्या आनंदानं घरी आली. तिनं लगेच माझे दोन परकर, एक पोलकं, पाटी असं सगळं एका धडप्यात बांधून गाठोडं दाराशी ठेवलं. मग तिची नजर माझ्या डोक्याकडं गेली आणि ती मटकन खाली बसली.

"ह्ये डोकं बगून ठकू काय म्हनंल? म्हनंल, आई मेली आन ह्यांनी पोर सडवली."

दिवसभर ती विचार करत होती. रविवारी सकाळी तिला मार्ग सापडला. गावातून किसन न्हाव्याला आणायचं आणि माझं डोकं भादरून टाकायचं.

"तेल न्हवं, फनी न्हवं," ती आबांना म्हणाली. "वस्तऱ्याला रीत न्हाई. उद्या सांगू, पोरगी तापानं आजारी हुती. पटका गुंडाळू डोस्क्याला. दाम्या, मी न्हाव्याला घिऊन येते. पोरीला धरून ठेव, पळंल ती."

बाईचं डोकं वस्तऱ्यानं भादरतात ते कधी, हे मला ठाऊक होतं. गावात नवरा मेलेल्या एक म्हाताऱ्या बाई तशा होत्या. पण मला भीती वाटली ती त्याची नव्हे. मला वेणीची भीती वाटली. किसन न्हावी कापलेले केस झाडूनं लोटून कालव्यात टाकायचा, ते मी पाहिलं होतं.

मी पळाले नाही. आत्या वाटेला लागल्यावर करंजाच्या झाडाखाली जाऊन बसले आणि वेणी दोन्ही हातांनी धरून ठेवली. जरा वेळानं आबा आले. वाखाची जुडी त्यांनी खाली ठेवली आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. दाढी वाढून त्यांचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता.

"अनशे."

मी वर पाहिलं.

"सोडू का येनी?"

आई गेल्यापासून ते माझ्याशी काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. मी हात काढून घेतले.

बायका पोरींना पुढ्यात बसवून केस विंचरतात, तसं त्यांना येत नव्हतं. त्यांनी आपला पटका जमिनीवर पसरला, मांडी घातली आणि माझं डोकं वाखाची जुडी घेतात तसं मांडीवर आडवं घेतलं. मग वेणीचा शेंडा हातात घेतला.

"गुता शेंड्याकडनं सोडवायचा," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. "मुळाकडनं वडला की तुटतो."

 कालव्याचं पाणी चालल्याचा आवाज होता, आणि पटक्यावर एखादी ऊ पडली की ती आबा अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, त्याचा बारीक आवाज. केस डिंक लावल्यासारखे चिकटले होते. एकेक बट ते सुटी करत होते. मध्येच त्यांचे हात थांबले.

वेणीतून माझ्या केसांबरोबर दुसरे केस निघाले होते. तांबूस झाक असलेले, लांब. एका टोकाला काळ्या दोऱ्यानं गाठ मारून बांधलेले.

बाकीच्या बायका विंचरताना निघालेला गुंतवळ साठवून सुया-बिबे विकणारीला द्यायच्या आणि सुया घ्यायच्या. आईनं कधी दिला नाही. चुलीमागच्या दिवळीत ती तो साठवायची. तो धुऊन, सरळ करून तिनं त्याचं एवढंसं गंगावन केलं होतं. माझी वेणी शेपटीसारखी आखूड आहे म्हणून शाळेतल्या पोरी चिडवायच्या. त्या सकाळी उंबऱ्यावर तिनं ते माझ्या वेणीत गुंफलं आणि म्हणाली, "तुजं वाढंपतूर माजं घे." कुणाला सांगू नकोस असंही म्हणाली, हसत. मी सांगितलं नव्हतं.

आबांनी ते केस तळहातावर घेतले. उजेडाकडं धरले. त्यांनी आईचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

"तिचं हायेत," ते म्हणाले.

"टाकू नगा."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"टाकायचं न्हाईत. नीट करायचं."

आणि माझं डोकं तसंच अर्धवट ठेवून त्यांनी आधी ते घेतलं. त्यांवर लिखा होत्या, चिकटलेल्या. एकेक केस बोटांच्या चिमटीत धरून, मुळाकडून शेंड्यापर्यंत ओढत ते लिखा काढत गेले. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून खालून बघत होते. त्यांचे डोळे कोरडे होते. दावं वळताना असतात तसेच बघत होते, एकटक. ऊन झाडाच्या या बाजूचं त्या बाजूला गेलं. झाल्यावर त्यांनी ते गंगावन कालव्याच्या पाण्यात धुतलं आणि वाख वाळत घालायच्या दोरीवर, वाखाच्या शेजारी वाळत घातलं.

मग आईची लाकडी फणी आणली. आढ्याला टांगलेली करंजेलाची बाटली काढली. करंजेल दिव्याला लागायचं, आणि कालवडीला गोचीड झाले की लावायला.

"गोचिडाला चालतंय, उवाला बी चालंल," ते म्हणाले.

बाटलीचं बूच काढून ते थांबले. आत्या गेली होती त्या वाटेकडं त्यांनी पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. वळून दाराशी ठेवलेल्या गाठोड्याकडं पाहिलं. मग बाटली उपडी करून माझ्या टाळूवर तेल ओतलं.

आग झाली. खाजवून खाजवून कातडं सोललं होतं, त्यात ते कडू तेल गेलं. माझे पाय आपोआप झाडले गेले.

"आग हुतीया?"

"व्हय."

"हूं दे."

कितीतरी दिवसांनी मला काहीतरी होत होतं. आबा तेल जिरवत राहिले. त्यांचे तळवे वाखानं चरचरीत झालेले होते.

आज माझे केस पांढरे आणि विरळ झालेत. कुठल्याही तेलाची बाटली उघडली की मी आधी हुंगते. तो वास आता कुठंच येत नाही.

आत्या किसन न्हाव्याला घेऊन आली तेव्हा माझं डोकं विंचरून झालं होतं आणि केसांतून तेल ओघळत होतं. आत्या वाटेतच उभी राहिली.

"तेल लावलंस?"

आबा फणी पुसत होते.

"दाम्या, तू तेल लावलंस? उद्या ती मानसं तेल घिऊन यायची, आन तू..."

"उवा हुत्या," आबा म्हणाले.

आत्यानं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. किसन न्हावी धोकटी घेऊन अवघडून उभा होता. आलोच आहे तर, असं म्हणून त्यानं आबांची दाढी केली. खालून आबांचा जुना चेहरा निघाला, फक्त गाल आत गेलेले.  माझं गाठोडं आत्यानं त्या रात्री सोडलं नाही. ते दाराशी तसंच राहिलं.

सोमवारी ऊन वर आल्यावर मामाची गाडी पुलापाशी थांबली. मामा खाली उतरला नाही. पाठमोरा बसून राहिला. ठकूमामी एकटीच कालव्याच्या कडेनं चालत आली. एका हातात तेलाची पितळी वाटी, पदरानं झाकलेली, आणि काखेत नवं परकर-पोलकं. मला बघून ती लांबूनच हसली. मग जवळ आली, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे माझ्या केसांवर थांबले. तिनं वाकून वास घेतला.

"करंजेल," ती म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली. वाटी मांडीवर धरून ठेवली. आत्या आतूनच म्हणाली, पोरीला ताप होता, डोक्यात लई झाल्या होत्या, बापानं न कळता लावलं. मामीनं तिच्याकडं बघितलं नाही. ती आबांकडं बघत होती. आबा भिंतीला टेकून उभे होते.

"दाजी, कुनी लावलं?"

"म्या."

मामीचा आवाज अगदी हळू झाला. "मानूस चुकतं. ठावं नसंल तर मी म्हनीन, तेल न्हवंच त्ये, औशीद हुतं. धुऊन काढते आन माजं लावते. पर ठावं हुतं का तुमास्नी? ज्याचं पयलं तेल त्याचं लेकरू, ह्ये ठावं हुतं का?"

मला ते ठाऊक नव्हतं. मला रीतीचं अर्धंच सांगितलेलं होतं. मी आबांकडं पाहिलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मामीनं वाट करून दिली होती. मामाचा राग गेला असता, आत्या आपल्या घरी गेली असती, मला झोपाळा मिळाला असता.

"ठावं हुतं," आबा म्हणाले.

आत्यानं आत भांडं आपटलं. मामी बराच वेळ वाटीत बघत राहिली. आजोळचं आणलेलं तेल माघारी नेत नाहीत. तिनं बोट बुडवलं. हात माझ्या डोक्याकडं आला, आणि केसांपासून टीचभर अंतरावर थांबला.

मग तिनं माझा पाय धरून मांडीवर घेतला.

"पायाला रीत न्हाई," ती म्हणाली.

तिनं माझ्या टाचेला तेल लावलं. अनवाणी हिंडून टाचा फुटल्या होत्या. भेगांत बोट घालून तिनं तेल भरलं, घोटा चोळला, एकेक बोट ओढलं. एक पाय झाला, मग दुसरा.  वाटी कोरडी होईपर्यंत ती चोळत होती. शेवटी वाटीच्या तळाला बोट फिरवून राहिलेलं तेलही तिनं माझ्या तळपायाला लावलं. नवं परकर-पोलकं माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या कानांवरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि उठून गेली. पुलापाशी पोचेपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही. ती गाडीत चढल्यावर मामानं बैल हाकले. आजोळचं कुणी परत आमच्या चौकीवर आलं नाही, आणि मीही तिकडं गेले नाही.

आत्यानं दुपारी माझं गाठोडं सोडलं आणि त्याच धडप्यात स्वतःची लुगडी बांधली. जाताना मला म्हणाली, "बापावर गेलीस तू. दात बी त्याचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला शाळेसाठी पुढ्यात बसवलं. दोरीवरचं गंगावन वाळलं होतं. ते माझ्या केसांत घेतलं खरं, पण वेणीचे तीन पदर त्यांना येईनात. दोनदा घातली, दोनदा सुटली. मग त्यांनी त्याचे दोनच पदर केले, दोन्हींना पीळ दिला आणि एकावर एक वळत नेले, घट्ट. शेवटाला वाखाची गाठ मारली.

"लई घट झाली का?"

कपाळ ताणलं गेलं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं.

कालव्याच्या कडेनं शाळेत जाताना पाय तेलकट होते, वाटेवरची सगळी धूळ पायांना चिकटत होती. गुरुजींनी माझ्या डोक्याकडं एकवार पाहिलं आणि हातानं माझी जागा दाखवली. शेवंती आधी जरा लांब बसली, मग सरकत जवळ आली. माझी वेणी हातात घेऊन उलटसुलट करून तिनं पाहिलं.

"अगं, ही येनी हाय का दावं?"

मागच्या पोरी हसल्या. या वेळी ते मला नीट ऐकू आलं, अगदी कानाशी.

"दावं हाय," मी म्हणाले. "आबांनी वळलंय."